अशोकाचा पश्चात्ताप कलिंगातच का कोरला नाही?

घाटवाट:
गेल्या महिन्यात भुवनेश्वरला गेलेलो तेव्हा धौलीला जाऊन आलो. खाली दया नदी, वर दगडातनं अर्धाच बाहेर आलेला हत्ती आणि त्याच्याखाली अशोकाचे लेख. मला वाटलेलं अशोकाने ठिकठिकाणी कोरलेल्या चौदा लेखांतला तो तेरावा लेख इथंच असणार, कलिंगाच्या लढाईत दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली, त्याच्या कितीतरी पट मेली आणि आता मला त्याचं दुःख होतंय असं सांगणारा. तर तो इथं नाहीच! गिरनारला आहे, पार पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला आहे, पण कलिंगातल्या धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी ११, १२, १३ गाळलेत. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना सोडून बाकी गावभर सॉरी म्हणायचं? वर त्याच लेखात जंगलातल्या लोकांना दम दिलाय की वाईट वाटत असलं तरी माझ्या हातात ताकद आहे, नीट वागा नाहीतर मराल.

मृद्गंध:
अहो पण गाळले त्या जागी काय कोरलंय? दोन वेगळे लेख, फक्त कलिंगासाठी. 'सगळी माणसं माझी लेकरं' हे तिथलंच. तोसली या तिथल्या शहरातल्या महामात्रांना, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांना, बजावलंय की कुणाला विनाकारण कैदेत टाकू नका, मत्सर, राग, घाई, आळस सोडा, आणि हे दर तिष्य (म्हणजे पुष्य) नक्षत्राला वाचून दाखवायचं. ज्यांचं सगळं गेलं त्यांना मेलेल्यांचा आकडा ऐकवून काय मिळणार होतं, त्यांना रोज छळणाऱ्या अधिकाऱ्याला आवर घालणं जास्त गरजेचं होतं, असं मला मनापासून वाटतं.

काळाकातळ:
नाही पटत. पकडून नेलेल्या दीड लाखांना परत सोडलं असं एकाही लेखात नाही. कलिंग परत दिलं नाही. देहदंडही चालूच, चौथ्या स्तंभलेखात मरणाआधी तीन दिवसांची मुदत दिलीय तेवढीच.

मृद्गंध:
मान्य, पण ढोंग करायचं असतं तर पहिल्या लेखात त्याने स्वतःहून कबूल केलं नसतं की स्वयंपाकघरात अजून दोन मोर आणि एक हरीण मारतात, हरीणही रोज नाही, आणि पुढे तेही बंद होईल. आपल्या नालासोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा सापडलाय, त्यात शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचं आहे. माणूस हळूहळू बदलत होता हो.

घाटवाट:
मोरांचं पटलं, खरंच. पण ते दीड लाख कुठं गेले, त्यांची पोरंबाळं कुठं वाढली, धौलीहून आल्यापासून तेच डोक्यातनं जात नाहीये.