संभाजीनगरला इंटरनॅशनल स्टेडियम: पैसा सरकारनं घालावा का?

गारखेडाकर: पोराला घेऊन पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमला मॅच बघून आलो, पहाटे चारला निघालो अन् दुसऱ्या दिवशी पहाटे घरी, गाडीभाडं तिकिटापेक्षा जास्त. मराठवाड्याचे आठ जिल्हे आहेत आपले, पण मोठी मॅच बघायची तर पुणे, मुंबई नाहीतर नागपूर. खासगी माणूस इकडं एवढा पैसा घालणार नाही, त्यामुळं राज्य सरकारनंच बांधून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. अनुशेष अनुशेष ऐकतच मोठे झालो, एक तरी मोठी गोष्ट इकडं होऊ द्या की.

लातूरवाला: भाऊ, 2016 चा एप्रिल विसरलात का? मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आम्हाला, अन् त्याच आठवड्यात हायकोर्टानं 30 एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस राज्याबाहेर न्या म्हणून सांगितलं, कारण दुष्काळात मैदानावर पाणी मारायचं होतं. आमची माय तेव्हा रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत घागर लावायची. आणि क्रिकेट बोर्ड काय गरीब आहे का, 2023 ते 27 चे आयपीएलचे मीडिया हक्कच 48,390 कोटींना गेलेत. त्यांनी बांधावं ना!

गारखेडाकर: पाण्याचं दुखणं मला कळतं हो, आमच्याकडंबी नळाला रोज पाणी नाही. पण मैदानाला सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं. आणि पैसा गावकऱ्यांच्याच खिशातून यावा असं कुठं आहे? अमेरिकेत लास वेगासला अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमला 75 कोटी डॉलर सरकारी पैसा लागला, तो हॉटेलच्या खोल्यांवरच्या टॅक्समधून, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांकडून. आपल्याकडं वेरूळ-अजिंठ्याला जग येतं.

जालन्याचा सीए: आयडिया चांगली आहे पण इथं बसत नाही. हॉटेलवरचा लक्झरी टॅक्स 2017 ला जीएसटीत गेला, मनपा स्वतःहून खोलीवर टॅक्स लावू शकत नाही. म्हणजे फिरून बोजा तिजोरीवरच. कर्ज काढू म्हणाल तर माँट्रियल बघा, 1976 च्या ऑलिम्पिकसाठी स्टेडियम बांधलं अन् त्याचं कर्ज फिटलं 2006 ला. तीस वर्षं!

आष्टीची ताई: तुम्ही सगळे बघणाऱ्यांचं बोलायलेत, खेळणाऱ्यांचं कोण बोलणार? अविनाश साबळे आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेला पळत जायचा, स्टीपलचेस, म्हणजे अडथळे अन् पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, त्यानं फौजेत गेल्यावर धरली, मग 2022 ला कॉमनवेल्थचं सिल्व्हर अन् 2023 ला एशियन गेम्सचं गोल्ड. फौज नसती तर? मी पोरींना पळायला शिकवते, पहाटे डांबरी रोडवर, उसाचे ट्रॅक्टर आले की पोरी बाजूला खड्ड्यात उतरतात, एकीचा घोटा असाच गेला अन् तिचं पळणंच सुटलं. एका स्टेडियमच्या पैशात किती तालुक्यांना मातीचा का होईना नीट चारशे मीटरचा ट्रॅक होईल, हिशेब करा कोणीतरी.

गारखेडाकर: ताई, तुमचं पटतं, खोटं नाही बोलणार. पण स्टेडियम नाही झालं म्हणून तो पैसा आष्टीला येईल असं वाटतं का तुम्हाला? तो तिकडं पुण्या-मुंबईलाच जाईल. माझा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा एवढं मोठं ग्राउंड बघून गप्पच झाला होता, तेव्हापासून रोज पाचला उठतोय.

लातूरवाला: मग असं करा. जागा सरकारनं भाड्यानं द्यावी, बांधकामाचा पैसा क्रिकेटवाल्यांचा, पाणी फक्त शुद्ध केलेलं सांडपाणी, अन् शेजारी ताईंच्या पोरींसाठी ट्रॅक, सकाळी पाच ते आठ फुकट. हे करारात लेखी देत असतील तर पहिली सही माझी.