पुण्याच्या अंगणात मुलांसाठी अडथळ्यांची शर्यत: मदत हवी

नमस्कार मंडळी,

शाळा संपल्या की २२ जूनला आम्ही अमेरिकेतून पुण्याला निघतोय, सात आठवड्यांसाठी. सहकारनगरला माझ्या सासरचा जुना बंगला आहे. दिवाळीनंतर तो बिल्डरच्या ताब्यात जाणार, म्हणजे मुलांची त्या अंगणातली ही शेवटचीच सुट्टी. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. गेल्या खेपेला दोघं दिवसचे दिवस टॅब घेऊन पलंगावर पडून होते आणि सासूबाई मला सांगत राहिल्या, "अगं, बाहेर काढ यांना." या वेळी ते मनावर घेतलंय.

मुलगा टीव्हीवर निन्जांच्या शर्यती बघतो. त्याला तसंच हवंय: दोरावरून चालायचं, लोंबकळायचं, भिंत चढायची. मागचं अंगण साधारण १८ फूट बाय ३० फूट, जेमतेम अर्धा गुंठा. एक आंबा, एक शेवगा, कंपाउंडची भिंत, कोपऱ्यात जमिनीखालची पाण्याची टाकी. दोन झाडांमध्ये ताणायचा पट्टा आणि लोंबकळायच्या कड्या असा तयार संच इथून न्यायचा विचार आहे. न्यावा का? पुण्यात, तेही ऐन पावसाळ्यात, कुणी असं काही केलंय का? माणूस लावून करून घ्यायचं नाहीये. आजोबा आणि नातवंडं मिळून करतील असं सुचवा.

– दोन मुलांची आई, एडिसन, न्यू जर्सी

*

नमस्कार,

तिकडच्या आपल्या मराठी मंडळात बावीस वर्षं काढून आता कर्वेनगरला परत आलोय, पण मंडळाच्या ईमेल यादीवरचं प्रत्येक पत्र वाचतो. आयुष्यभर इमारतींचे हिशेब केले, म्हणून तुझं पत्र वाचताना डोळ्यासमोर आधी टाकी आली. उतरल्या दिवशी पहिलं काम तिचं. जुन्या बंगल्यांतली पत्र्याची झाकणं कडेनं गंजलेली असतात, वरून धड दिसतात. पाच वर्षांची पोर त्यावर उडी मारणारच. नवं झाकण, त्याला कडी, कडीला कुलूप. हे झाल्याशिवाय अंगणात दोरीसुद्धा बांधू नका.

दुसरं, शेवगा. त्याला काहीही टांगायचं नाही. शेवग्याचं लाकूड अतिशय ठिसूळ, फांदी कडकन मोडते आणि आधी करकरतसुद्धा नाही. आंबा चालेल, पण फांदी मांडीएवढी जाड हवी, ओली आणि जिवंत हवी, आणि दोर खोडापासून फार लांब नको.

आता तो पट्टा. दोन झाडांमध्ये म्हणतेस, पण शेवगा गेला म्हटल्यावर दुसरं टोक तू कंपाउंडच्या भिंतीला बांधणार. ते अजिबात करू नकोस. हिशेब सांगतो. २० फुटांचा दोर, त्याच्या मधोमध २५ किलोचं मूल उभं आहे, आणि दोर फक्त अर्धा फूट खाली झुकलाय. अशा वेळी दोन्ही टोकांना जवळजवळ २५० किलोचा ताण बसतो, मुलाच्या वजनाच्या दहापट. तोच दोर दोन फूट झुकू दिला तर ताण ६२-६३ किलोवर येतो. दोर जितका ताठ, तितकी ओढ जास्त. त्यावर मूल उड्या मारायला लागलं की आणखी. कंपाउंडची भिंत स्वतःचं वजन पेलायला बांधलेली असते. आडवी ओढ तिला सोसत नाही, त्यातून पायाखालची काळी माती पावसानं फुगलेली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पुतण्यांसाठी मी फाटकाचा खांब आणि पेरू यांच्यामध्ये असाच दोर ताणला होता. तिसऱ्या दिवशी खांब विटांसकट कलला. मुलं तेव्हा आत जेवायला बसली होती. तो आवाज मला अजून आठवतो. सगळा हिशेब येत असून घरच्या अंगणात मी तो केला नव्हता.

तेव्हा संच तिथेच राहू दे. आमच्या पुण्यात सगळं मिळतं. बांबू आणि कामट्यांसाठी बुरूड आळी, दोरखंडासाठी रविवार पेठ, फळ्यांसाठी टिंबर मार्केटमधले उरलेले तुकडे. फक्त पालखी पुण्यात मुक्कामाला असेल त्या दिवसांत पेठांमध्ये जाऊ नकोस, रस्ते बंद असतात. दोर सुती घे, बोटभर जाडीचा. नायलॉन ओला झाला की सटकतो आणि तळहात सोलवटतो. बांबूला खिळा मारायचा नाही, उभा चिरतो. काथ्यानं आवळून बांध आणि रोज सकाळी गाठी हातानं ओढून बघ.

मुख्य प्रश्न जमिनीचा. अडथळ्याआधी मूल कशावर पडणार ते ठरवायचं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची खेळाच्या जागांसाठी एक पुस्तिका आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की गवत आणि साधी माती यांना पडण्यापासून वाचवणारा थर मानू नये. शिवाय चढायच्या वस्तूभोवती सगळीकडून सहा फूट जागा मोकळी हवी. तुझ्या १८ फूट रुंदीत हे सहा-सहा फूट सोडले की मधे काय उरतं बघ. म्हणून माझं म्हणणं, उंच काही करायचंच नाही. बाकी सगळं मुलाच्या गुडघ्याच्या खाली. लोंबकळायचा दोर एकच, आंब्याला, आणि त्याच्याखाली फूटभर खोल वाळू. रात्री वाळूवर ताडपत्री टाकायची, नाहीतर मांजरं तिथे घाण करतात.

त्याच पुस्तिकेतली आणखी एक गोष्ट. शिडीत, जाळ्यात, कठड्यात साडेतीन इंचांहून मोठी आणि नऊ इंचांहून लहान फट ठेवू नये. अंग आरपार जातं आणि डोकं अडकतं.

टायर वापरणार असशील तर स्कूटरचे घे, पंक्चरवाल्याकडे मिळतात. आडवे ठेवून आत मुरूम भरून टाक. रिकामा टायर पावसात म्हणजे डासांचं घर. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात आणि तेवढं पाणी टायरच्या काठात सहज साचतं. गाडीचे जुने रेडियल टायर नकोत, झिजलेल्या जागी आतल्या तारा बाहेर येतात. आणि उरलेल्या विटा-बांबूंचा ढीग भिंतीला टेकवून ठेवू नकोस. तुमच्याकडे तळजाईची टेकडी जवळ आहे, पावसाळ्यात विंचू-साप कोरडी जागा शोधत येतात.

मुलांचं धनुर्वाताचं इंजेक्शन निघायच्या आधी बघून घे.

– कर्वेनगर, पुणे

*

अगं,

काकांनी पाया पक्का केलाय, मी वरचं बोलते. एकतीस वर्षं पुण्यात शाळेत पी.टी. शिकवली, सध्या लेकीकडे आलेय, तुझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे.

क्रम चुकवू नकोस. लोंबकळणं पहिलं, रांगणं शेवटी. दमलेल्या मुलाची मूठ आधी सैल पडते, म्हणून दोर शेवटी ठेवला की पोरं धपाधप पडतात. मधे तोल. तोलासाठी आठ फुटी फळी दोन विटांवर. तिला गोणपाट गुंडाळून खालच्या बाजूनं चपट्या डोक्याचे खिळे मार, नाहीतर पहिल्या सरीला ती शेवाळल्यासारखी निसरडी होईल. दोघांना समोरासमोरून धावायला लावू नकोस, एकाच दिशेनं.

गळ्यात काही नको: साखळी नको, ओढणी नको, नाडीची टोपी नको. सायकलचं हेल्मेटही चढताना काढून ठेवायचं, ते फटीत अडकलं तर गळ्याशी पट्टा आवळतो. हे आईबापांना उलटं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि धाकटीचा वेळ दादाच्या वेळेशी लावू नकोस. मी हे वर्गात हजार वेळा पाहिलंय. चार वर्षांनी मोठ्या भावाच्या आकड्यापुढे मूल दोन दिवस धावतं, तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटात दुखतं. तिची बरोबरी तिच्या कालच्या धावेशी. प्रत्येक अडथळ्याला तिची एक सोपी वाट ठेव, पण कुठली घ्यायची ते तिलाच ठरवू दे.

त्याला निन्जाच व्हायचं असेल तर महाराष्ट्रीय मंडळात मल्लखांब बघायला घेऊन जा. टिळक रस्त्यावरची ही संस्था १९२४ सालची, आमच्या पिढीचे हातपाय तिथेच वळले. एरंडेल चोळलेला सागवानी खांब आणि त्यावर त्याच्याच वयाच्या मुली उलट्या झालेल्या बघू देत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, हेही सांग. पण घरी खांब पुरू नकोस. ते गुरूसमोरच शिकायचं.

लंगडी मात्र घाल मधे. दहा फूट लंगडी भल्याभल्यांचा दम काढते आणि तिला एक पैसा लागत नाही.

– पी.टी.च्या बाई

*

काका, बाई आणि सगळी मंडळी,

आज १९ जुलै. लिहीन म्हणाले होते, उशीर झाला.

टाकीचं झाकण. सासरे म्हणाले, "चांगलं आहे की." मी काकांचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी काठीनं कडेला टोचलं तर काठी आरपार गेली. गेली किती वर्षं आम्ही त्या झाकणावर पापड वाळत घालत होतो. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून जाड पत्र्याचं नवं करून आणलं. कुलपाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

संच तिथेच ठेवून आले, पण मुलगा विमानतळापासून रुसलेला होता. तो रुसवा बुरूड आळीत गेला. तिथल्या मावशी पायाच्या अंगठ्यात बांबू धरून कोयत्यानं कामट्या सोलत होत्या. हा पंधरा मिनिटं हलला नाही. मग त्यानंच विचारलं, याचा बोगदा होईल का? झाला. पाच कामट्या कमानीसारख्या जमिनीत रोवल्या आणि त्यावर सासूबाईंचं विरलेलं नऊवारी लुगडं पांघरलं. आठ मीटरचं लुगडं दुहेरी केल्यावर साधारण बारा फुटांचा बोगदा निघतो. आत हिरवा उजेड पडतो. पाऊस आला की सुती कापड जड होऊन मधे खाली येतं, म्हणून सासूबाई ढग दिसले की ते काढून ओसरीवर टाकतात. धाकटी त्याला "आजीच्या पोटातून जायचं" म्हणते.

क्रम बाईंनी सांगितला तसाच: आंब्याचा दोर, फळी, लंगडी, मुरमानं भरलेले सहा टायर, नवारीच्या बाजेखालून सरपटायचं, मग बोगदा, शेवटी देवघरातली जुनी घंटा वाजवायची. दोराखालची वाळू वाहून जात होती, सासऱ्यांनी कडेनं विटांची ओळ रचली. काकांचं ऐकून उंच काही केलं नाही. मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, हे बाळांचं आहे. मग लंगडीत तीनदा पाय टेकला आणि गप्प झाला. आजोबांनी धोतर खोचून त्याला घालून दाखवली. वय शहात्तर, सहा फूट एका पायावर.

सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात फळीवरचं गोणपाट एका टोकाला सुटलं, धाकटीचा पाय अडकून ती पडली. फळी विटेएवढीच उंच होती, हनुवटीला खरचटलं इतकंच. पण मी घाबरले आणि दोन दिवस सगळं बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर ती फळीशेजारी उकिडवी बसून एकेक खिळा अंगठ्यानं दाबून बघत होती. आजोबांनी तिला ते काम लावून दिलं होतं. आता रोज गाठी आणि खिळे तीच तपासते आणि "झालं, चालू" असं ओरडते. तोवर दादालासुद्धा आत पाऊल टाकता येत नाही.

शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनची दोन मुलं भिंतीवरून बघत असायची. आता संध्याकाळी तीही असतात, आणखी तीन-चार येतात. माझी मुलं त्यांच्याशी मराठीत भांडतात. नऊ वर्षं घरी मी मराठीत विचारायचे आणि उत्तर इंग्रजीत यायचं. परवा मुलगा खिडकीखालून ओरडला, "ए, माझा डाव आहे, रडीचा डाव खडी!" मी पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकत राहिले.

बाई, आम्ही मल्लखांब बघून आलो. मुलगा येताना रिक्षात काही बोलला नाही. घरी आल्यावर दोराला धरून किती वेळ लोंबकळता येतं ते घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद. काल एकोणीसपर्यंत गेला.

आम्ही १० ऑगस्टला निघतोय. बाज आणि लुगडं सासूबाई देणार नाहीत. दोर, फळी, कामट्या आणि टायर मात्र आहेत. ऑगस्टमध्ये आपल्या मराठी मंडळातलं कुणी मुलांना घेऊन पुण्यात येणार असेल तर मला कळवा, सासरे टेम्पोत घालून पाठवतील. दोर आंब्यावरून काढून कोरडा करून ठेवतेय.

– सहकारनगर, पुणे