एसयूपी सर्फबोर्ड: तळाच्या आकाराला नको तेवढं श्रेय दिलं जातंय का?

तळठाव (धागाकर्ता):
एसयूपी, म्हणजे वल्हं घेऊन उभ्याने लाटेवर चालवायचे बोर्ड, विकताना तळाची वर्णनं भरभरून केली जातात. पुढे सिंगल कॉन्केव्ह (एक आडवा खोलगटपणा), फिनांच्या (शेपटीखालच्या पात्यांच्या) मध्ये डबल (शेजारी शेजारी दोन), शेपटीला व्ही (मध्ये कणा, दोन्हीकडे रेलकडे, म्हणजे कडांकडे, उतार). माझं म्हणणं, ८ फूट १० इंच लांब, ३० इंच रुंद, ११५ लिटरच्या बोर्डवर काम करतात ते रॉकर (नाकापासून शेपटीपर्यंतचा तळाचा बाक), शेपटीची रुंदी आणि फिन. श्रेय तळाला जातं.

हिशेब मांडतो. ७५ किलोचा माणूस आणि साडेआठ किलोचा बोर्ड समुद्राचं सुमारे ८२ लिटर पाणी बाजूला सारतात. तळाचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे लाटेची वाट बघत उभं असताना बोर्ड सरासरी ५ सेंटिमीटर बुडालेला असतो. तिथे ५ मिमीच्या कॉन्केव्हने डगमग कमी होईल कशी? त्या खोलगटपणात फोम जातो जेमतेम २-३ लिटर. रुंदी मात्र २८ची ३० इंच करा, बाजूला कलताना पाण्याकडून मिळणारा आधार रुंदीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास २३ टक्क्यांनी वाढतो. ‘व्ही असला की बोर्ड उभ्याउभ्या डोलणार’ ही समजूतही याच कारणाने चुकीची आहे.

आता वेग. बोर्डच्या मध्यावर ५ मिमी खोल कॉन्केव्ह काढला की मधल्या रेषेवरचा, म्हणजे स्ट्रिंगरवरचा रॉकर तेवढाच कमी होतो. रेलवरचा तसाच राहतो. ज्या वेगाचं कौतुक होतं, तो बराचसा या सपाट झालेल्या रॉकरचा.

फोमधूळ:
उभं असतानाचा हिशेब मान्य, पण सर्फबोर्ड उभं राहण्यासाठी घडवत नाहीत. बोर्ड लाटेवर घसरू लागला की नाक पाण्याबाहेर येतं, पाणी फक्त मागच्या अर्ध्या भागाला लागतं आणि बोर्ड पाण्यात बुडून नाही तर पाण्यावर टेकून चालतो. तिथे ५-६ मिमी म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे.

शेपटीपासून एक फुटावर साध्या शॉर्टबोर्डची रुंदी १४-१५ इंच असते, आपल्या बोर्डची १८-१९. एवढा रुंद सपाट भाग वेगात असला की पाणी त्याला वर ढकलत राहतं आणि एका रेलवरून दुसऱ्या रेलवर नेताना तो हटून बसतो. व्ही दिला की त्याच रुंदीचे दोन उतार होतात आणि बोर्ड मधल्या कण्यावरून कलतो. शिवाय शेपटीला ६ मिमी व्ही म्हणजे रेलवरचा रॉकर स्ट्रिंगरपेक्षा ६ मिमी जास्त. सरळ जाताना लांब, सपाट रेषा. कलल्यावर वाकडी, आखूड वळणाची. एकाच बोर्डात दोन रॉकर मिळतात ते तळामुळेच. यालाही रॉकरच म्हणायचं तर म्हणा, पण तो तळ कोरल्याशिवाय येत नाही.

तळठाव:
मग १९६७ आठवा. ऑस्ट्रेलियन बोर्डकारागीर बॉब मॅकटॅव्हिशने रुंद शेपटीचे, खोल व्हीचे बोर्ड हवाईला नेले. तिथल्या सनसेट बीचच्या मोठ्या लाटेवर शेपूट सटकली. माउई बेटावरच्या होनोलुआ बे या खाडीत त्याच धर्तीच्या बोर्डांनी अप्रतिम वळणं घेतली. व्ही दोन्हीकडे होता. फरक पडला तो लाटेच्या ताकदीने, आणि रुंद शेपटीला एकच फिन होता म्हणून.

रेलवर:
दोघांच्याही हिशेबातून एक गोष्ट सुटतेय. बाजूचे फिन तळाला धरून बसवले जातात, त्यामुळे तळाचा उतार बदलला की फिनचा कलही बदलतो. स्ट्रिंगरपासून रेलपर्यंत २०० मिमीत ६ मिमी व्ही, म्हणजे जवळपास पावणेदोन अंश. व्हीवर फिनचं टोक तेवढं आणखी बाहेर कलतं. कॉन्केव्हच्या रेलकडच्या उतारावर उलट आत येतं. तळाला धरून ६ अंशाला बसवलेला फिन व्हीवर पावणेआठ आणि तेवढ्याच उताराच्या कॉन्केव्हवर सव्वाचार. दोन बोर्ड वेगळे का वाटतात याचं उत्तर तळाच्या नावाने देण्याआधी हा कल मोजायला हवा.

दुसरं, शेपटीकडच्या शेवटच्या ३०-४० सेंटिमीटरांत रेलची धार. धार गोल राहिली तर पाणी वर गुंडाळलं जाऊन बोर्डला मागे ओढतं, मग खाली कॉन्केव्ह कितीही सुरेख असो. फोमवर रेझिनने चिकटवायचं काचेचं कापड (फायबरग्लास) तीक्ष्ण कोपऱ्यावर नीट बसत नाही म्हणून कारखान्यात धार गोल ठेवली जाते. कडेला टेप उभी लावून घट्ट केलेलं इपॉक्सी रेझिन ओतायचं, पक्कं झालं की तळाच्या पातळीत घासायचं. नख अडकेल इतकी धार पुरते. हे काम खरंच करून घेण्यासारखं आहे.

भरतीओहोटी:
नाकाबद्दल कोणी बोललंच नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा सुटला की पाणी खडबडीत होतं. ३० इंची बोर्डच्या नाकाखाली कॉन्केव्ह असेल तर त्यात हवा कोंडते, प्रत्येक लाटुकलीवर फाडकन आपटतं आणि वल्हं मारून कमावलेला वेग जातो. तिथे हलका व्ही किंवा गोलसर पोटच हवं. धागाकर्त्यांचा ५ सेंटिमीटरचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण नाक तेवढं बुडलेलंच नसतं.

चॅनेलना, म्हणजे तळात लांबीच्या दिशेने कोरलेल्या खाचांना, मात्र माझा विरोध आहे. ते पकड देतात, पण व्हॅक्यूम बॅगमध्ये (हवा काढून कापड फोमवर दाबणाऱ्या पिशवीत) कापड चॅनेलच्या कोपऱ्यात न बसता पुलासारखं ताणलं जातं आणि खाली पोकळी राहते. ती रेझिनने भरली तर वजन, नाही भरली तर पुढे थर सुटतो. शिवाय कडा घासताना कापड कापलं गेलं की आतल्या ईपीएस (थर्माकोलसारख्या) फोममध्ये पाणी शिरायला वाट मिळते.

तळठाव:
नाकाचा मुद्दा मान्य, मी शेपटीकडेच बघत होतो. फिनच्या कलाचाही. पण विकत घेताना निदान मोजा. बोर्ड उलटा ठेवा, शेपटीपासून दर ३० सेंमीवर सरळ पट्टी आडवी ठेवा, फटीत ३, ४, ६ मिमीच्या ड्रिलबिटचे दांडे घालून बघा. पट्टी मध्यावर डुलत असेल तर तो व्ही. दोन्ही रेलजवळची फट मोजून सरासरी घ्या. पट्टी बोर्डच्या वरच्या पृष्ठभागाला समांतर धरूनही दोन बाजूंत २ मिमीहून जास्त फरक निघाला तर तो बोर्ड घेऊ नका, एका बाजूला वेगळा वळेल. ‘खोल डबल कॉन्केव्ह’ म्हणून विकलेल्या बोर्डात २ मिमी निघाले, तर ते पैसे कशाचे?

फोमधूळ:
मोजा, जरूर मोजा. पण आकडा व्हीचा घ्या आणि तो मागच्या पायाखाली येतो का ते बघा. कमरेएवढ्या लाटेसाठी ४ ते ६ मिमी, फिनांच्या थोडा पुढून सुरू होऊन शेपटीपर्यंत. त्याहून जास्त दिला तर मऊ लाटेवर बोर्ड उचलायला उशीर करतो. आणि १९ इंचांच्या शेपटीला एकही मिलिमीटर व्ही नसलेला बोर्ड फिन बदलून वळणार नाही, या मतावर मी अजून ठाम आहे.