बी विंग ग्रुप : गणपतीतला रॅप

सेक्रेटरी नाना: पोरांनी गणपतीच्या कार्यक्रमात रॅप धरलाय, विषय खोटे दोस्त. तीन मिनिटांत आटपा, पाठोपाठ महिलांचं भजन आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथेच लिहा, जिन्यात चर्चा नको.

बी-५०१ भाऊ: नाना, ९० बीपीएम धरा, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा. चार मात्रांचा एक बार, २.६७ सेकंदांचा. सुरुवात ४ बार, कडवं १६, हुक म्हणजे परत परत येणारं धृपद ८, परत १६, परत ८, मग अर्धं कडवं ८ आणि शेवटचा हुक ८. झाले ६८ बार. तीन मिनिटं आणि वर एक सेकंद. एवढा एक सेकंद भजनवाल्या सोडतील.

बी-३०२ आप्पा: पोरांना आधी हूडिनीचं 'फ्रेंड्स' ऐकवा. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा रॅप ग्रुप, १९८४, 'एस्केप' अल्बम, निर्माता लॅरी स्मिथ. त्यातला हुक म्हणजे साधा प्रश्न आहे, असे दोस्त आहेत तरी किती जणांकडे? प्रश्न आला की ऐकणारा मनात बोटं मोजायला लागतो. शिवी घातली की नुसता हसतो आणि विसरतो. आणि बीटमध्ये, म्हणजे मागच्या वाजवण्यात, जागा किती मोकळी! १९९६ मध्ये रॅपर नासने गायिका लॉरिन हिलला घेऊन 'इफ आय रूल्ड द वर्ल्ड' केलं, ते याच बीटवर उभं आहे.

बी-२०३ वहिनी: मग आपणही तोच बीट घेऊ ना आप्पा, यूट्यूबवर आहेच.

बी-५०१ भाऊ: नको वहिनी. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, चाल-शब्दांचा वेगळा, दोन्हीकडून परवानगी लागते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो, म्हणजे १९८४ चं गाणं २०४४ संपेपर्यंत अडकलेलं. 'फ्री बीट' लिहिलेलं असतं त्याचंही खालचं वर्णन वाचा, बहुतेक वेळा पैसे कमवायचे नसतील तरच फ्री. मोबाईलवरच बांधा. किक म्हणजे ड्रमचा जाड ठोका पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर म्हणजे कडक ठोका दुसऱ्या-चौथ्यावर, बेसला तीनच सूर. हुकच्या आधी दोन बार पावरीची, म्हणजे आदिवासी फुंकवाद्याची, लकेर टाकली तर नंदुरबारकडचे पाहुणे माना वर करतील.

बी-१०४ ताई: शब्दांचं बोलू. 'पाठीत खंजीर' प्रत्येक गाण्यात आहे, काढून टाका. पोरांच्या वहीत मात्र अहिराणीतल्या दोन ओळी फक्कड आहेत:
भरीत खावाले पन्नास दोस्त,
भांडा घासाले कोनी नही.
हाच हुक. 'कोनी नही' तिसऱ्या मात्रेवर संपवा आणि चौथी रिकामी सोडा, तिथे फक्त स्नेअर वाजू द्या. ज्ञानेश्वरीच्या ओवीत तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड, तसंच. घाईने ती जागा भरली की ओळ मेलीच.

बी-३०२ आप्पा: भुसावळ-रावेरकडचे लेवा गणबोलीवाले हसतील अहिराणीला.

बी-१०४ ताई: हसू द्या आप्पा. फक्त एका कडव्यात दोन्ही बोल्या मिसळू नका. आणि कुणाचं नाव, फ्लॅट नंबर, गाडीचा रंग काही नको. गेल्या खेपेला पार्किंगवरच्या नाटुकलीवरून झालेलं भांडण महिनाभर पुरलं होतं.

सेक्रेटरी नाना: 🙏 ताईंचा मुद्दा फायनल.

बी-५०१ भाऊ: आता रेकॉर्डिंग, इथे अहिराणी त्रास देते. 'भरीत', 'भांडा' म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो आणि ढप्प आवाज येतो. नंतर तो नीट निघत नाही. माइक तोंडापासून एक वीत, नाकाच्या उंचीला, जरा तिरका. मध्ये भरतकामाच्या रिंगला जुना पातळ स्टॉकिंग ताणून लावा, झाला पॉप फिल्टर. दुसरी कटकट 'स'ची. करस, सांगस, देखस, ओळीमागून ओळ 'स'वर संपते, मिक्समध्ये नुसतं सस्स-सस्स ऐकू येतं. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर, म्हणजे 'स' दाबणारा इफेक्ट, लावा, पण हलकाच. जास्त दाबला तर गाणारा बोबडा वाटतो.

बी-२०३ वहिनी: आमच्याकडे ब्लूटूथ हेडफोन आहे, देऊ का?

बी-५०१ भाऊ: रेकॉर्डिंगला चालणार नाही वहिनी. ब्लूटूथमध्ये बीट कानाला उशिरा पोचतो, पोरगं त्या उशिरावर गातं आणि सगळं मागे पडतं. वायरचाच द्या. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा, लाल दिवा लागला तर तो टेक फेकून द्यायचा. ८० हर्ट्झखालचा जाड आवाज कापा. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द दुसऱ्यांदा वेगळा म्हणून घ्या आणि खाली हळू ठेवा, ओळीत जोर आल्यासारखं वाटतं. कूलर-पंखा बंदच. घाम येईल, म्हणून एका वेळी दोनच ओळी.

बी-१०४ ताई: खोली कुठली?

बी-५०१ भाऊ: क्लबहाऊस नको, फरशी-भिंतींमुळे घुमतं. कुणाचीही कपाटवाली बेडरूम चालेल. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगायच्या. चार लागतील.

सेक्रेटरी नाना: रात्री दहाच्या आत स्पीकर बंद, हेही लक्षात असू द्या. गोधड्या कोण देतंय?

बी-२०३ वहिनी: 👍

बी-३०२ आप्पा: 👍👍

बी-४०२: 👍

सेक्रेटरी नाना: अंगठे नकोत. गोधडी देणाऱ्यांनी फ्लॅट नंबर टाका.