खळं गेलं, येळवस आहे

सोयाबीन आल्यापासून शेतातले सण संपले, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. अर्धं पटतं. आमच्या लातूरकडे दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीन काढलं की मळणीयंत्र येतं, दिवसभरात रास होते, टेम्पो थेट आडतीवर. खळंच नाही, तर खळ्यावरची पंगत कुठून असणार? पोळा गावात होतो, पण बैल किती उरलेत ते मोजायला नको.

पण येळवस, म्हणजे वेळ अमावस्या! मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवची बाजारपेठ ओस पडते, सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. नव्या बिंदग्यात (मातीच्या मडक्यात) ताकातली ज्वारीची आंबील, वर लसणाची फोडणी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जीत तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, बोरं, चिंच, सगळं बेसनात शिजवलेलं. (हॉटेलातल्या भजीशी संबंध नाही, पुणेकर पाहुणे दरवर्षी फसतात.) वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

ज्वारीचा पेरा घटलाय, त्यामुळे कोपीला कडबा शेजाऱ्याकडून आणणारी घरंही आता बरीच आहेत.