देवाने नुसती क्षमा का केली नाही? तारणाच्या सिद्धांतांवर काय वाचावं?

पारिजात
नमस्कार मंडळी. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, तरुणांचा अभ्यासवर्ग भरतो, यंदा तो माझ्याकडे आलाय. विषय आहे येशूचं मरण आणि आपलं तारण, म्हणजे पापापासून सुटका. पहिल्याच बैठकीत बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "देव दयाळू आहे ना? मग 'जा, माफ केलं' एवढं म्हणायला काय हरकत होती? त्यासाठी स्वतःच्या पुत्राचं रक्त कशाला?" तिला गुळमुळीत उत्तर देऊन गप्प बसवायचं नाही मला. इंग्रजी वाचता येतं. मूळ ग्रंथच सुचवा, सुरुवात कुठून करू तेही सांगा. मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं.

जुनी_पोथी
पारिजातताई, हाच प्रश्न पहिल्या अध्यायात घेऊन नऊशे वर्षांपूर्वी एक अख्खा ग्रंथ लिहिला गेलाय: संत अन्सेल्म यांचा 'कुर देउस होमो', म्हणजे 'देव मनुष्य का झाला'. कँटरबरीचे आर्चबिशप असताना त्यांचं राजाशी बिनसलं, इंग्लंड सोडावं लागलं, आणि इटलीत असताना १०९८ मध्ये त्यांनी तो पुरा केला. गुरुशिष्यांचा संवाद आहे. बोसो नावाचा शिष्य पटल्याशिवाय मान डोलवत नाही.

अन्सेल्म म्हणतात, देवाला जे द्यायला हवं ते न देणं म्हणजे पाप. आता पश्चात्ताप, उपवास, आज्ञापालन, काहीही पुढे केलं तरी ते आपण आधीपासूनच देवाचं देणं लागतो. मागची बाकी फेडायला हाताशी वेगळं काही उरतच नाही. भरपाई करायला हवी माणसाने, करू शकतो फक्त देव. म्हणून देव मनुष्य झाला. येशू निष्पाप, त्याला मरण लागू नव्हतं. त्याने ते आपखुशीने स्वीकारलं आणि त्याचं फळ आपल्या पदरात टाकलं.

पहिल्या भागातला २१ वा अध्याय वर्गात मोठ्याने वाचाच. समज, तू देवासमोर उभा आहेस आणि देव म्हणतोय, 'तिकडे बघू नकोस.' तू एक नजर टाकली नाहीस तर सारं जग नष्ट होणार आहे. बघशील? बोसो चाचपडतो, आणि शेवटी कबूल करतो की देवाच्या इच्छेविरुद्ध तेवढंही करता कामा नये. पाप किती जड असतं याचा तू अजून विचारच केलेला नाहीस, असं गुरू त्याला सुनावतात तेही इथेच. पापाबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

एक मात्र सांभाळा. अन्सेल्म यांच्या मांडणीत येशू आपली शिक्षा भोगत नाही. भरपाई किंवा शिक्षा, दोहोंपैकी एकच. भरपाई झाली म्हणून शिक्षा टळली. पुष्कळ जण हे दोन्ही एकत्र कालवतात आणि मग अन्सेल्मना नको ते बोल लावतात.

नीरा
बाराव्या शतकातला फ्रेंच धर्मपंडित आबेलार सोडू नका. बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरच्या भाष्यात, तिसऱ्या अध्यायापाशी, तो सरळ विचारतो की निरपराध्याचं रक्त मोबदला म्हणून मागणं क्रूर आणि अन्यायाचं नाही का? ती मुलगी एकटी नाही हे तिला कळू दे. त्याचं उत्तर असं की क्रूसावरचं प्रेम पाहून आपल्यात प्रेम जागं होतं आणि तेच पापाच्या दास्यातून सोडवतं. त्याच काळातले मठवासी संत बर्नार्ड यावर खवळले, पोप दुसरे इनोसंट यांना त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. मला आबेलार आवडतो, पण इथे बर्नार्डचं पटतं. बुडणाऱ्याला काठावरून पोहून दाखवलं म्हणजे तो वर येत नाही.

देवळालीकर
आम्ही प्रॉटेस्टंट, तेव्हा सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनची बाजू मांडतो. त्याचा मुख्य ग्रंथ 'इन्स्टिट्यूट्स', १५५९ ची आवृत्ती, दुसरा ग्रंथ, १६ वा अध्याय. दरोडेखोरांनी किंवा चवताळलेल्या जमावाने येशूला मारलं असतं तर आपलं तारण झालं नसतं, असं कॅल्विन म्हणतो. रोमन सुभेदार पिलाताच्या न्यायासनासमोर आरोपी म्हणून उभं राहून, शिक्षा सुनावली जाऊनच त्याने मरायला हवं होतं, कारण आपला दोष त्याच्या माथी यायचा होता. बायबलमधला यशया ५३ (इतरांची पापं वाहणाऱ्या सेवकाचं वर्णन) शेजारी उघडा ठेवा. 'रागावलेल्या बापाने पोराला मारलं' या आक्षेपाला त्याच अध्यायात, प्राचीन धर्माचार्य ऑगस्टीनच्या आधाराने, उत्तर आहे: देवाचं प्रेम आधीचं, म्हणूनच त्याने पुत्र पाठवला. पुत्र मेल्यावर ते सुरू झालं असं नव्हे.

पारिजात
सगळ्यांचे आभार! पण अन्सेल्मच्या आधी हजार वर्षं लोक काय मानत होते?

जुनी_पोथी
मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव खंडणी म्हणून देतो. ती दिली कुणाला, यावर वाद. चौथ्या शतकातले बिशप निस्साचे ग्रेगरी म्हणाले, सैतानाला: देहाचं आमिष, आत देवत्वाचा गळ. त्यांच्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरींनी सैतानाला खंडणी ही कल्पनाच झिडकारली. वर्गासाठी मात्र चौथ्या शतकातला बिशप अथानासियस याचं देहधारणेवरचं (देव मनुष्य झाला त्यावरचं) छोटं पुस्तक घ्या. मरणाच्या तावडीतून माणसाला सोडवून अविनाशी करणं हा त्याचा गाभा. स्वीडिश धर्मपंडित ऑलेन यांचं 'क्रिस्तुस व्हिक्टर', म्हणजे 'विजयी ख्रिस्त' (इंग्रजीत १९३१), ख्रिस्ताने मरणावर आणि सैतानावर विजय मिळवला या जुन्या कल्पनेला पुन्हा उजेडात आणतं. वाचनीय आहे, पण अन्सेल्मवर अन्याय करतं. शेवटी वाचा.

ओवीवेडा
मराठीत म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण', १६१६, बायबलची कथा ओव्यांत सांगणारं. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली १९५६ ची देवनागरी आवृत्ती जुन्या ग्रंथालयांत शोधा. क्रूसावरचं मरण 'दुसऱ्या पुराणा'त येतं. भाषा जुनी, पण ओवी मोठ्याने म्हटली की अर्थ उलगडत जातो. शिवाय मधूनमधून श्रोत्यांतला ब्राह्मण पाद्री-गुरूंना अडवून शंका विचारतो. तुमच्या वर्गातल्या मुलीला ते भाग वाचायला द्या.