टँकमध्ये कोणासोबत कोण: आधी पाणी बघायचं की स्वभाव?

काचेपलीकडे (धागाकर्ता):
ठाण्यात असताना माझ्या माशांच्या दोन फुटी टँकमध्ये १२ निऑन टेट्रा, ६ कोरी आणि हनी गौरामीची जोडी होती. तीन वर्षं गुण्यागोविंदाने नांदले. मग बदली झाली आणि आम्ही छत्रपती संभाजीनगरला आलो. आमच्या कॉलनीत नळाला रोज पाणी नाही, सगळी भिस्त बोअरवर. तोच टँक, तोच फिल्टर, माशांची यादीही तीच. तीन आठवड्यांत निऑन संपले, पाठोपाठ कोरी. शेजाऱ्यांनी लेकीला बरणीतून चार गप्पी दिले होते ते सोडले, तर आज पिल्लं मोजता येत नाहीत.

इथे आई वरणाला जारचं पाणी घेते, कारण बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. जे पाणी डाळीला चालत नाही ते ॲमेझॉनच्या माशाला चालेल असं मी धरूनच चाललो होतो.

माझं मत सांगतो. 'एंजलसोबत निऑन चालतो का, बार्बसोबत गौरामी चालतो का' असे तक्ते नेटवर ढिगाने सापडतात, पण तुमच्या नळाचा रकाना त्यात नसतो. निऑन, कोरी, डिस्कस हे मऊ (कॅल्शियमसारखे क्षार कमी असलेल्या), किंचित आम्लधर्मी पाण्यातले. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना क्षार लागतात. स्वभावाने दोन्ही गट गरीब, म्हणून दुकानात एकत्र मिळतात. मुंबई-ठाण्याच्या मऊ पाण्यात मॉली पंख मिटून एका जागी डुलत बसते, इकडे निऑन मरतात. आधी आपलं पाणी ओळखावं आणि त्या पाण्यातल्याच माशांमधून जोडीदार निवडावेत. पटत नसेल तर बोला.

कुर्ला पश्चिम:
अजिबात पटत नाही. तुमचे एंजल आणि मॉली ॲमेझॉन-मेक्सिकोतून थोडेच येतात? चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये घरोघरी पैदास होते, तिथल्या टाक्यांतच त्यांच्या पिढ्या गेल्या. त्यांना नदी माहीत नाही. पैदाशीचे मासे हळूहळू सवय लावली तर पुष्कळ पाणी पचवतात. तोंडात मावणारा शेजारी मात्र ते सवयीने सोडत नाहीत.

तुमचे मासे बोअरने मेले नाहीत. शिफ्टिंगमध्ये फिल्टर किती तास बंद होता ते सांगा.

काचेपलीकडे:
सात-आठ तास. पण स्पंज ओला ठेवला होता, झाकणाच्या बादलीत.

कुर्ला पश्चिम:
झाकण लावून. झालं तर मग! स्पंजमध्ये माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया असतात, त्यांना ऑक्सिजन लागतो. निम्मे गुदमरले असणार. म्हणजे टँक नव्याने सायकल व्हायला हवा होता, म्हणजे ते बॅक्टेरिया पुन्हा वाढायला हवे होते, त्याला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तुम्ही पहिल्याच आठवड्यात निऑन टाकले. अमोनिया कधी तपासला?

काचेपलीकडे:
दुसऱ्या आठवड्यात. थोडा दिसला होता, खोटं बोलत नाही. पण ठाण्यात मी याहून मोठा गाढवपणा केला होता, फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली धुतला होता (क्लोरीनने तेच बॅक्टेरिया मरतात), तरी एकही मेला नव्हता.

बारावी सायन्स:
तुम्ही दोघं एकाच गोष्टीच्या दोन टोकांना धरून भांडताय. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक विषारी. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी रूपाचा वाटा साधारण १० पट होतो. ठाण्यात पीएच ७ च्या आसपास असणार, चूक झाकली गेली. बोअरचा पीएच ८ च्या वर असेल तर तेवढाच अमोनिया जीव घेतो. गप्पी त्यातून निभावतात, कारण मुळात चिवट. उगाच नाही मलेरियावाले त्यांना विहिरी-डबक्यांत सोडत.

अजून एक. पाणी जड आहे हे टीडीएस मीटरवरून (तो पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो) ठरवू नका. घरी मिठाचा सॉफ्टनर असेल तर टीडीएस तेवढाच राहतो, फक्त कॅल्शियम जाऊन सोडियम येतो. जडपणाची टेस्ट वेगळी मिळते.

धरमपेठी:
भाऊ, पाणी पाणी करून राहिले सगळे, तापमानाचं कोणी बोलेना! आमच्या नागपुरात मे महिन्यात टँक ३४ वर जातो, कूलर लावूनही. इथे लोक एकाच टँकमध्ये गोल्डफिश आणि एंजल ठेवतात अन् दोघंही शांत म्हणून खूश राहतात. गोल्डफिश थंड पाण्याचा गडी, २० अंशांना मजेत. एंजलला २६-२८ पाहिजे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. वरून गोल्डफिश खातो बकासुरासारखा आणि घाणही तेवढीच करतो. मी धागाकर्त्यांच्या बाजूने, फक्त नळासोबत थर्मामीटरही बघा.

सदाशिव पेठ २:
माझा अनुभव स्वभाववाल्यांच्या बाजूचा आहे. पाणी उत्तम, पीएच ६.८, झाडं लावलेला तीन फुटी टँक. चार एंजल रुपयाएवढे असताना आणले, सोबत १५ निऑन. 'लहानपणापासून एकत्र वाढवले की खात नाहीत' असं मला तिघांनी सांगितलं होतं. आठ महिने खरंच खाल्ले नाहीत. मग सकाळी दिवा लावताना एक कमी, दोन दिवसांनी आणखी एक. मृत मासा कधीच सापडला नाही. शेवटी तीन उरले ते मित्राला दिले. दोघंही दक्षिण अमेरिकेचे, दोघांना तेच पाणी. तुमच्या नियमात ही जोडी शंभर टक्के बसते की!

टायगर बार्बचंही तसंच. तीन घेतले तेव्हा त्यांनी गौरामीच्या मिशा कुरतडल्या. दहा केले तर आपापसातच पाठलाग करत बसले, गौरामी सुटला. पाणी तेच होतं, बदलली ती संख्या. तरीही लांब झालरीचा मासा मी त्यांच्यात परत ठेवणार नाही.

काचेपलीकडे:
एंजल-निऑनचं मान्य. पाणी जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं मी म्हटलं नव्हतं, पण लिहिण्याच्या भरात तसं वाचलं जातंय खरं.

दुकानवाला:
दुकानदाराला शिव्या पडण्याआधी बोलून घेतो. गिऱ्हाईक येतं ते रंग बघून. 'ह्याची एक जोडी, त्याची एक जोडी, तो काळा एक.' कळपात राहणारा मासा जोडीने न्यायचा नसतो, किमान सहा न्या, हे सांगितलं की त्यांना वाटतं मी माल खपवतोय. पाण्याचं विचारलं तर 'बिसलेरी टाकू का' म्हणतात.

मी दोन मासे ठेवणं बंद केलं आहे. एक म्हणजे तो चंदेरी 'शार्क'. हाताच्या बोटाएवढा असताना गोड दिसतो, वाढतो मीटरभर. हॉटेलात बासा म्हणून जे ताटात येतं ते बहुतेक वेळा हेच पोर मोठं झालेलं. दुसरा सकर, म्हणजे 'काच साफ करणारा'. तो दीड फुटापर्यंत जातो, मोठा झाला की शेवाळ सोडून रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो आणि त्याची कातडी सोलतो. पण पुढच्या गल्लीत दोन्ही मिळतात, त्यामुळे माझ्या बंदीचा उपयोग शून्य.

कुर्ला पश्चिम:
दुकानवाले, एक नंबर. धागाकर्ते, आता बोअरच्या पाण्यात काय ठेवणार? आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले सिक्लिड घ्या. पीएच ८ च्या आसपास त्यांना घरच्यासारखं. आणि तिथे सगळं उलटं चालतं: मासे कमी ठेवले तर एक दादा बाकीच्यांना मारतो, म्हणून मुद्दाम दाटी करतात, म्हणजे राग वाटला जातो.

बारावी सायन्स:
दोन फुटी टँकमध्ये नको हो. दाटी करायची तर चार फुटी टँक आणि दुप्पट फिल्टर हवा. पीएच ८ ला अमोनियाचं काय होतं ते वर लिहिलंय.

काचेपलीकडे:
नकोच. गप्पीत प्लॅटी घालेन म्हणतो, दोघं जड पाण्यातले. फायटर मासा घालू का असं मुलगी विचारते, पण गप्पीची शेपटी बघून तो चवताळतो असं ऐकून आहे.

सदाशिव पेठ २:
बरोबर ऐकलंय. फायटर एकटाच ठेवा, खुशाल राहतो. मुलीला छोटा वेगळा टँक द्या.

आळंदी रोड:
विषय निघालाच आहे तर, माझ्याकडे १३ इंची सकर आहे. कोणाला हवाय का? नाहीतर सोसायटीमागच्या तळ्यात सोडणार होतो.

धरमपेठी:
अरे बाप्पा, तळ्यात नको! तिकडे बंगाल-आंध्रात हेच मासे जाळ्यात निघतात, कोळ्यांची जाळी फाडतात. कोणी खात नाही अन् कोणी घेत नाही.

दुकानवाला:
शनिवारी माझ्याकडे आणा, पत्ता निरोपात पाठवतो. पाच फुटी टँकमध्ये असेच परत आलेले दोन आहेत. फक्त हेही एकमेकांना जागा देत नाहीत, त्यामुळे मध्ये फरशी उभी करून पार्टिशन घालावं लागेल.